मुलीने काळी बुलेट घ्यावी का? गाडीच्या रंगात बाईपण-पुरुषपण असतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला काळी बुलेट घ्यायची आहे आणि घरचे म्हणतात, मुलीच्या जातीला स्कूटर बरी, तीही लाल नाहीतर गुलाबी. मी डिचोलीची, साखळीला शाळेत शिकवते, सहा वर्षं मोटारसायकलने जाते-येते. माझं उत्तर: घ्या.

गोव्यात बाई दुचाकीवर दिसली म्हणून कुणी वळून बघत नाही. बाजार, शाळा, देऊळ, सगळं स्कूटरवरच चालतं. नजर बदलते ती गिअर आणि टाकी आली की. याचं मूळ मला सायकलीत दिसतं. लेडीज सायकलला मधला दांडा नसायचा, कारण साडी नाहीतर झगा अडकायचा. स्कूटरची पाय ठेवायची मोकळी जागा ही तशीच सोय. सोय होती कपड्यांची, आपण ती बाईची करून टाकली. जाहिरातींनी त्यावर शिक्का मारला. २००१ मध्ये पल्सर मोटारसायकल आली ती 'डेफिनेटली मेल' म्हणत. २००५ मध्ये प्लेझर स्कूटरने 'व्हाय शुड बॉईज हॅव ऑल द फन?' विचारून मुलींना बोलावलं, पण वेगळ्या गाडीवर.

रंगाचं तर मला अजिबात पटत नाही. पणजी-म्हापशाच्या स्टँडवरचे आपले पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले बघा, गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळाधमक. पिवळा म्हणजे हळदीचा रंग, पण त्या गाडीला कुणी बायकी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. आणि गुलाबी? शिगम्यात जांबावलीला दामोदराच्या देवळातल्या गुलालाच्या उत्सवात पुरुष नखशिखांत गुलाबी होतात, त्याच कपड्यांनी घरी येतात. तो रंग स्कूटरवर गेला की तेवढा मुलींचा होतो!

मी गाडी घ्यायला गेले तेव्हा शोरूममधला माणूस इंजिन, मायलेज, सर्व्हिसिंग सगळं माझ्या धाकट्या भावाला सांगत होता. माझ्या हातात रंगांचं कार्ड दिलं होतं. पैसे माझे, लायसन्स माझं, आणि भावाला तर गिअरची गाडी येतही नव्हती. मला तेव्हा फार लागलं होतं, अजून लागतं. म्हणून सांगते, घरचे रंगावर बोलत असले तरी बोलणं रंगाचं नसतं. त्यांच्याशी वजनावर बोला, कारण तो प्रश्न खरा आहे.

बुलेट ३५० भरते सुमारे १९५ किलो, सीटची उंची ८०५ मिलिमीटर. साधी स्कूटर शंभर किलोंच्या थोडी वर. बसून दोन्ही पाय नीट टेकतात का बघा. मग इंजिन बंद ठेवून, थोड्या चढावर, एकटीने मागे ढकलून बघा. घरापुढच्या उतारावर रोज तेच करायचंय. जड गेली तर त्याच कंपनीची हंटर थोडी हलकी आहे, मीटिओरची सीट बरीच खाली आहे. लायसन्स बिनगिअरचं असेल तर आधी गिअरचं काढा.

काळ्या रंगाबद्दल माझी एकच तक्रार आहे. मॅट काळा घेऊ नका. ओरखडा पडला की पॉलिशने जात नाही. आणि पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या धुक्यात काळी गाडी मागच्याला उशिरा दिसते, तेव्हा रेनकोट मात्र चमकत्या पट्ट्यांचा घ्या.