अर्ली अ‍ॅक्शनमध्ये प्रवेश मिळाला, आता आणखी अर्ज करू का?

मनापासून अभिनंदन! डिसेंबरातच एक होकार हातात असणं हा मोठा आधार आहे. आणखी अर्ज जरूर कर, पण मोजकेच. अर्ली अ‍ॅक्शन, म्हणजे लवकर अर्ज करून लवकर उत्तर मिळवणं, बंधनकारक नसतं; अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं उत्तरासाठी १ मेपर्यंत थांबतात. अर्ली डिसिजनमध्ये मात्र प्रवेश मिळाला तर तिथेच येऊ, असा आपण शब्द दिलेला असतो, म्हणून प्रवेशाचं पत्र एकदा नीट वाच.

यादी करताना प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचार: इथे मिळालं तर हातातलं सोडून जाईन का? माझ्या मुलीने अकरा नावं लिहिली होती. जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही एकेक नाव खोडत गेलो, चार उरली. बाकीच्या अर्जांच्या फीचे पैसे वाचले, आणि त्याहून मोलाचं म्हणजे निबंधांना निवांत वेळ मिळाला. खर्चाचा आकडा अजून कळला नसेल, तर अमेरिकेतल्या आपल्या राज्यातलं एखादं परवडणारं सरकारी विद्यापीठ यादीत ठेवच.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- नाताळच्या सुट्टीवर विसंबणं. बऱ्याच मुदती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतात आणि अर्जासाठी शाळेची कागदपत्रं पाठवणारे काउन्सेलर सुट्टीत भेटत नाहीत. त्यांना आजच सांग.
- आनंदाच्या भरात लगेच जागा पक्की करायचं डिपॉझिट भरणं.
- अभ्यास सैल सोडणं. शेवटचे मार्क फारच घसरले, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

आर्थिक मदतीची पत्रं कशी ताडून पाहायची, ते मार्चमध्ये बघू. आत्ता यादी लिहायला घे.