अपग्रेडनंतर सर्व्हर उठेना

प्रश्न: भाड्याच्या सर्व्हरवर डेबियन लिनक्स ११ चं १२ केलं, रीबूट दिला आणि तेव्हापासून पिंगही लागत नाही. सगळं पुसून नव्याने टाकावं का?

उत्तर: पुसू नका, डेटा बहुधा जागेवरच आहे. होस्टिंगच्या पॅनेलमधून रेस्क्यू मोड (दुरुस्तीसाठीची तात्पुरती वेगळी सिस्टिम) सुरू करा. ‘एलएसबीएलके’ कमांडने डिस्कची विभाजनं पाहून रूट (मुख्य सिस्टिमचं विभाजन) ‘एमएनटी’ फोल्डरखाली माउंट करा, म्हणजे जोडा, आणि आधी तिथला जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) वाचा. रीबूटनंतरच्या नोंदी असतील तर मशीन उठलंय, फक्त नेटवर्क गेलंय. नव्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) नेटवर्क कार्डाचं नाव कधी कधी बदलतं आणि नेटवर्कच्या ‘इंटरफेसेस’ फाइलीत जुनंच राहतं. खरं नाव त्याच जर्नलमध्ये सापडेल. रेस्क्यूत दिसणारं नाव वेगळं असू शकतं, त्यावर विसंबू नका.

नोंदीच नसतील तर बूट विभाजन (सुरू होण्याच्या फाइली असतात ते) भरल्याचा संशय घ्या. जागा संपली की इनिट्रॅमएफएस (सुरू होताना कर्नल वापरतो ती छोटी फाइल) नीट बनत नाही आणि कर्नलला रूट सापडत नाही. बूट विभाजन (मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत असेल तर ईएफआय विभाजनही) माउंट करा. डेव्ह, प्रॉक, सिस हे सिस्टिमचे फोल्डर तिथे बाइंड करून (जोडून) मगच सीएचरूट, म्हणजे तुमच्या मूळ सिस्टिमच्या आत शिरा. हे बाइंड करायचं राहून गेलं तर ग्रबला (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) डिस्कच दिसत नाही! जुने कर्नल पर्ज करा (पूर्ण काढून टाका), अर्धवट पॅकेजं ‘डीपीकेजी’ने कॉन्फिगर करा, सर्व कर्नलांची इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवा, शेवटी ‘अपडेट-ग्रब’ कमांड चालवा. रीबूटआधी पॅनेलमधला रेस्क्यू मोड बंद करा.