“गणित येतं, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडते”

सहामाहीचे पेपर घरी आले की पालकांचा हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. आकडेमोड पक्की, पाढे तोंडपाठ, पण शाब्दिक उदाहरण मात्र कोरं. या वेळी विचारणाऱ्या आई पोळी-भाजीचे डबे देतात. मुलगी सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि आठवीला सेमी-इंग्लिशच्या तुकडीत गेली. आईंच्या कानावर कुठूनतरी ‘डिस्कॅल्क्युलिया’ (आकडे समजण्यातली अडचण) हा शब्द आला होता आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. “मॅडम, हिच्या डोक्यात काही दोष तर नाही ना?” असं त्यांनी मुलीसमोरच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी आधी मुलीशीच बोलले. महिनाअखेरीला डब्यांचा हिशेब कोण करतं?

“मीच.”

“कसा करतेस?”

“महिन्याचे 2400. खाडा झाला की प्रत्येक खाड्याचे 70 वजा.”

“एखाद्याचे 4 खाडे झाले तर?”

“2120.” कागद नाही, बोटं नाहीत.

“आणि खाडे किती झाले तेच अजून माहीत नसेल तर?” ती थोडी थांबली आणि तिने लिहिलं: 2400 − 70ख. ही बैजिक राशीच, म्हणजे बीजगणितातली अक्षर-आकड्यांची मांडणीच आहे हे मी सांगितलं तेव्हा तिने आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे.

डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलांना बहुधा संख्येचा अंदाजच नीट येत नाही. सुटे पैसे, घड्याळ, दोन आकड्यांतला मोठा कोणता, छोट्या बेरजा या सगळ्यांत ती वर्षानुवर्षं अडखळतात. असं दिसलं तर तपासणी जरूर करून घ्यावी. निदान झालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात आणि त्यात कमीपणा काही नाही. या मुलीत मात्र तसं काही दिसलं नाही. मग अडतं कुठे?

तिच्या वहीत एक वाक्य होतं: ‘फाइव्ह लेस दॅन थ्राइस अ नंबर’. तिने उत्तर लिहिलं होतं 5 − 3x. तेच मी मराठीत म्हटलं: “एका संख्येच्या तिपटीपेक्षा 5 ने कमी.” तिने लगेच 3x − 5 लिहिलं, आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिली.

हे समजून घ्यायला हवं, कारण सेमी-इंग्लिशमधली कितीतरी मुलं इथेच अडकतात. मराठी वाक्यात सहसा जी क्रिया आधी करायची ती आधी येते. संख्या घ्या, तिप्पट करा, 5 कमी करा. इंग्रजी वाक्यात तो 5 सुरुवातीलाच येतो आणि मूल डावीकडून उजवीकडे जसं ऐकलं तसं उतरवतं. कंसाचंही तसंच. ‘संख्येची दुप्पट आणि 4 यांची बेरीज’ म्हणजे 2x + 4. ‘संख्या आणि 4 यांच्या बेरजेची दुप्पट’ म्हणजे 2(x + 4), कारण बेरीज आधी झाली आणि दुप्पट तिची झाली. हे वाक्य मोठ्याने म्हणायला लावलं की कंस मुलं स्वतःहून घालतात.

तिच्या क्लासमध्ये एक तक्ता पाठ करून घेतला होता: कमी म्हणजे वजा, जास्त म्हणजे अधिक, पट म्हणजे गुणिले. तो बाजूला ठेवा, असं मी स्पष्ट सांगितलं. राजू मीनापेक्षा 3 वर्षांनी लहान आहे आणि राजूचं वय x आहे, तर मीनाचं वय किती? ‘लहान’ दिसलं की तक्ता वजा करायला सांगतो. उत्तर x + 3 आहे. अशा तक्त्याने मूल वाक्य वाचायचंच सोडून देतं, खुणेचा शब्द तेवढा शोधतं.

दुसरी अडचण अक्षराची. ‘पोळ्यांची संख्या डब्यांच्या चौपट’ हे तिने 4प = ड असं लिहिलं. एका डब्यात 4 पोळ्या, हे तिच्या डोळ्यांपुढे इतकं स्पष्ट होतं की प म्हणजे पोळी आणि ड म्हणजे डबा झाला. खरं तर प म्हणजे पोळ्यांची संख्या. मी विचारलं, डबे 10 तर पोळ्या किती? “40.” मग घाल हे आकडे तुझ्या समीकरणात. 160 बरोबर 10? तिने खोडून प = 4ड केलं. ही चूक ऐकून आईंचा चेहरा पुन्हा उतरला, म्हणून त्यांना एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांची संख्या प्राध्यापकांच्या सहापट आहे, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना अक्षरांत लिहायला सांगितलं होतं. एक तृतीयांशाहून जास्त जणांचं चुकलं, आणि बहुतेकांनी ते असंच उलटं लिहिलं होतं. आणि अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, संख्या, हे मुलीच्या मनात ठसावं म्हणून तिला सांगितलं: आपले भास्कराचार्य 12व्या शतकात अज्ञात संख्येसाठी ‘या’ लिहीत, म्हणजे यावत्तावत्, जेवढं असेल तेवढं. आणखी अज्ञात संख्या आल्या तर काळा, निळा, पिवळा या रंगांवरून का, नी, पी. मुलीला हे फार आवडलं. आता ती कच्च्या कामात खाड्यांसाठी ‘नी’ लिहिते.

आईंना मी एवढंच सांगितलं: “सोपं तर आहे” असं म्हणू नका, अडलेल्या मुलाला ते फार लागतं. त्याऐवजी विचारा: यात काय माहीत नाही? हे वाक्य तुझ्या भाषेत कसं सांगशील? एखादा आकडा घालून जमतंय का? बीजगणित तुम्हाला स्वतःला येत नसलं तरी हे प्रश्न विचारता येतात. गणिताच्या सरांशीही बोलले. पेपरच्या समासात मराठी वाक्य लिहायला त्यांनी आनंदाने परवानगी दिली.

वाक्य आधी मराठीत आणून मग मांडायचं, यात सध्या तिचा वेळ जातो. पेपर पुरा होत नाही, ही आईंची तक्रार खरीच आहे. सरावाने तो वेळ कमी होईल असं मला वाटतं. पण आधी कोरी सुटणारी उदाहरणं आता लिहिलेली असतात, आणि एखादं चुकलं तर कुठे चुकलं हे ती मला स्वतः दाखवते.