काहींचे केस गुडघ्यापर्यंत जातात आणि काहींचे खांद्यावरच थांबतात, असं का? देशोदेशीच्या लोकांचे केस इतके वेगळे कसे?

आधीच सांगतो, माझ्या स्वतःच्या डोक्यावर आता विशेष काही उरलेलं नाही. पण सांगलीत आमची वडिलोपार्जित ड्रेपरी आहे. नाटकाचे कपडे, मुकुट, टोप, गंगावनं (म्हणजे वेणी-अंबाड्यात घालायचे जादा केस), दाढ्यामिश्या भाड्याने द्यायच्या आणि मोडतोड झाली की दुरुस्त करायची, हा धंदा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं ते याच गावात, त्यामुळे इथे टोपांना गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही. दुसऱ्यांचे केस हाताळण्यात माझं आयुष्य गेलंय, त्या अधिकाराने लिहितो.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वहिनींचे केस गुडघ्याला टेकतात, बघत राहावेत असे आहेत, आणि बायकोने काहीही चोपडलं तरी तिचे खांद्याखाली सरकत नाहीत. यात वंशाचा, रक्ताचा भाग किती, हा तुमचा खरा प्रश्न.

लांबीचं गणित साधं आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटीमीटर. पण प्रत्येक केसाच्या मुळाला मुदत असते. दोन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंत तो वाढत राहतो, मग दोनतीन आठवड्यांत आवरतं घेतो, पुढे तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा उगवतो. रोज ५० ते १०० केस गळतात ते या हिशेबातले, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आता ज्या बाईच्या केसांची मुदत अडीच-तीन वर्षांची, तिचे केस कात्री न लावताही फूट-दीड फुटावर थांबणार. गुडघ्यापर्यंत पोचायला टाळूपासून एकशेदहा-बारा सेंटीमीटर लागतात, म्हणजे सात-आठ वर्षांची मुदत हवी. ही मुदत बरीचशी आईबापांकडून येते. वहिनींना ती मिळाली, इतकंच. तेलाच्या बाटलीवरच्या बाईलाही ती तेलाने मिळालेली नसते.

बायकोच्या बाबतीत मात्र निकाल लावण्याआधी एक बघा. फणीत आलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो केस मुळापासून, आपली मुदत भरून गळलाय. गाठ नाही आणि तुकडा आखूड आहे, तर तो मध्येच तुटलाय. तुकडेच जास्त असतील तर आशा आहे. वाढ होतेय, पण खालून तितकीच मोडतेय. ओले केस विंचरणं, रोज घट्ट रबर, बोअरचं जड पाणी, दर दोन महिन्यांनी स्ट्रेटनिंग, यातलं काहीतरी नडत असणार.

मुदत किती लांबू शकते याचं टोक बघायचं तर चीनच्या श्ये च्युफिंग या बाई. १९७३ साली, १३ वर्षांच्या असताना त्यांनी केस कापणं सोडलं. २००४ साली गिनेसवाल्यांनी मोजले तेव्हा ५.६२७ मीटर भरले. भागाकार केला तर वर्षाला १८ सेंटीमीटर, वेग जरा जास्त आहे पण अचाट नाही. अचाट हे की तीस वर्षं ते केस गळलेच नाहीत. आपल्या देशात प्रयागराजच्या स्मिता श्रीवास्तव यांचे केस २०२३ साली २३६.२२ सेंटीमीटर नोंदले गेले. त्या आठवड्यातून दोनदा केस धुतात आणि धुणं, सुकवणं, गुंता काढणं, बांधणं धरून एका वेळेला तीन तासांपर्यंत जातात. लांब केसांचं कौतुक करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. वहिनींनाही विचारून बघा, वेणी घालायला दुसरं माणूस लागतं का, आणि अंबाडा बांधला की मान दुखते का.

लांबच लांब केसांच्या नावाखाली जी जटाधारी मंडळी दाखवतात, तो हिशेब वेगळा. जटेत गळालेला केस बाहेर पडतच नाही, आतच अडकतो आणि पुढच्याला चिकटतो. म्हणून एकेका केसाची मुदत तीन वर्षांची असली तरी जट माणसापेक्षा लांब होऊ शकते. आमच्या भागात, सौंदत्तीच्या वाटेवरच्या गावांत तर फार, बाईच्या डोक्यात जट आली की देवीचं बोलावणं मानायचे, कात्री लावायला कुणी धजायचं नाही, आणि त्यापायी कित्येक पोरी देवीला सोडल्या गेल्या. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, तिचे कार्यकर्ते आजही घरोघरी जाऊन बायकांना समजावून जट कापतात. कापल्यावर त्या बाईला मान वळवता येते, उशीवर नीट डोकं टेकता येतं. तिथे देवीबिवी काही नसते. न विंचरलेले केस असतात.

आता देशोदेशीचे केस. केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर चीन-जपानकडचा बहुधा गोल आणि जाड निघतो, युरोपातला बारीक आणि किंचित लांबट, आफ्रिकेतला चपटा. सोऱ्यात जशी चकती तशी शेव, तसं मुळाशी असलेल्या खोबणीचा आकार केस घेतो. आफ्रिकी केसांची खोबणच वळलेली असते, म्हणून केस बाहेर पडतो तोच वळणं घेत. डोळे मिटूनही मला हा फरक कळतो. चिनी केसांची जुडी हातात घेतली की राठ लागते, बट वळवायला गेलं की उसळी मारून सरळ होते. आपल्याकडचे मधल्या जाडीचे, काही सरळ, काही लाटदार. ते वळवले तर वळतात, रंगही चांगला धरतात. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेले केस लिलावात जातात आणि पुढे परदेशात टोप होऊन विकले जातात, त्यात या मऊ स्वभावाचा वाटा मोठा आहे.

आफ्रिकी केस वाढत नाहीत हा समज चुकीचा. वाढीचा वेग मोजला तर थोडा कमी भरतो, महिन्याला एक सेंटीमीटरच्या आत. पण खरी अडचण वळणांची. मुळातून आलेलं नैसर्गिक तेल सरळ केसावरून खाली ओघळतं, वळणावळणाच्या केसावर ते वरच अडतं. केस कोरडा पडतो आणि नेमका वळणावर मोडतो. शिवाय ताणल्यावर हातभर भरणारा केस सोडला की वीतभर दिसतो. तो मोडू नये म्हणून किती जपतात ते नामिबियातल्या म्बालांतू बायकांनी दाखवलंय. झाडाच्या सालीची पूड चरबीत कालवून त्या लहानपणापासून केसांना थापत आणि पुढे केसांना दोरे जोडून वेण्या घोट्यापर्यंत नेत. चाडमधल्या बसारा बायका चेबे नावाची पूड तेलात कालवून वापरतात, तीही केस मोडू नयेत म्हणूनच. आफ्रिकेत न जाता असे केस बघायचे असतील तर इथून बेळगावमार्गे हल्याळ, यल्लापूरकडे जा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे सिद्दी लोक कोकणी आणि कानडी बोलतात, आणि केस मात्र पूर्वजांचे, आफ्रिकेतले.

हे फरक का पडले, यावर बरंच काम चाललंय. त्यातला एक प्रयोग माझ्या धंद्याच्या जवळचा म्हणून सांगतो. २०२३ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तापमान मोजणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर माणसाच्या केसांचे टोप चढवले. एकदा सरळ, एकदा कुरळे, एकदा अगदी घट्ट कुरळे. वरून उन्हासारखे दिवे लावले. डोक्याला सगळ्यात कमी ऊन पोचलं ते घट्ट कुरळ्या टोपाखाली. माणूस आफ्रिकेच्या उन्हात घडला, तिथे असं छत उपयोगीच पडलं असणार. उलट पूर्व आशियातल्या जाड केसांमागे ईडीएआर नावाच्या जनुकातला एक बदल आहे, सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीचा. २०१३ साली तो उंदरांत घालून बघितला तर त्यांचे केस जाड झाले आणि घामाच्या ग्रंथीही वाढल्या. म्हणजे निसर्गाला हवा होता घाम किंवा आणखी काही आणि केस फुकटात जाड झाले, असंही असू शकतं.

तरी केस बघून माणूस कुठला ते सांगायला जाऊ नका, फसाल. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर काळ्या वर्णाच्या लोकांत काहींचे केस चक्क सोनेरी असतात. लोक म्हणायचे, गोरे खलाशी येऊन गेले असतील, नाहीतर खाऱ्या पाण्याने झाले असतील. २०१२ साली जनुक सापडलं तेव्हा कळलं की हा बदल त्यांचा स्वतःचा, युरोपात तो नाहीच. आणि इतक्या लांब कशाला, एकाच आईच्या दोन मुली माझ्याकडे नाटकासाठी मापं द्यायला येतात, तर एकीच्या केसांत पिन टिकत नाही आणि दुसरीच्या केसांतून पिन निघत नाही.

आता एक गोष्ट हाताने करून बघा. तुमच्या वहिनींचा गळालेला एक केस घ्या. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून लांबीच्या दिशेने बोटं पुढेमागे चोळा. केस आपणहून एकाच बाजूला सरकायला लागेल. ज्या बाजूला सरकतो ते मुळाकडचं टोक. केसावर बारीक खवले असतात, ते शेंड्याकडे झुकलेले, म्हणून तो मुळाच्या दिशेनेच निसटतो. वडिलांनी मला दुकानात बसवल्यावर पहिली शिकवलेली गोष्ट ती हीच. कारण टोपात किंवा गंगावनात एक जरी बट उलटी गुंफली तर खवल्यांत खवले अडकतात आणि दोन प्रयोगांत त्याचा काथ्या होतो.

गुंतवळाचा, म्हणजे फणीत निघालेल्या गळक्या केसांच्या गुंत्याचा, धंदाही याच्याभोवतीच फिरतो. गल्लीत भांडीवाली येते, आज्या खिडकीत खोचून ठेवलेलं गुंतवळ काढून देतात आणि बदल्यात वाटी-चमचा नाहीतर डबा घेतात, हे तुम्ही बघितलं असेल. ते गुंतवळ पुढे कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातं. तिथे बायका बसून त्यातला केस न् केस सोडवतात, लांबीप्रमाणे लावतात. गुंतवळात मुळं-शेंडे सगळे उलटसुलट, म्हणून त्याला भाव कमी. पूर्वी आमच्याकडे आज्या स्वतःचं गुंतवळ पिशवीत साठवून आणायच्या आणि त्याचंच गंगावन करून न्यायच्या. म्हातारपणीचा पातळ अंबाडा तरुणपणीच्या केसांनी भरायचा. चीनमधल्या ह्वांगलुओ गावच्या याओ बायका हेच करतात. त्या अठराव्या वर्षी एकदाच केस कापतात, ते कापलेले केस आणि रोजचे गळालेले केस जपून ठेवतात आणि डोक्यावरच्या केसांबरोबर तिन्ही एकत्र गुंडाळतात. केस धुतात तांदळाच्या आंबवलेल्या धुवणाने.

वहिनींच्या केसाचा गुडघ्याजवळचा शेंडा सात-आठ वर्षं जुना आहे. इतकी वर्षं ऊन, साबण, फणी सोसून त्याचे खवले झिजलेले असतात. म्हणून विंचरायचं ते शेंड्याकडून सुरू करून वर, हळूहळू. न्हाण्याआधी खोबरेल लावणं मला पटतं. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. खनिज तेल नुसतं वरून चमकतं. शिकेकाई आवडत असेल तर बाजारातून अख्ख्या शेंगा आणून दळा, तयार पुडीत काय काय असतं देव जाणे. मात्र यातलं काहीही मुदत वाढवत नाही. जावळ काढल्याने केस दाट येतात हेही खोटं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून तो हाताला जाड लागतो.

असे केस बघत राहावेसे वाटतात यात वावगं आहे का, असंही शेवटी विचारलंय. बघण्यात काय वावगं? कौतुक तोंडावर करा, घरच्यांसमोर करा. पण एसटीत पुढच्या सीटवरच्या बाईच्या वेणीचा फोटो काढणारे असतात, हात लावून बघणारे असतात, तसं नको. लांब केसांच्या पुष्कळ बायकांना हा त्रास झालेला आहे.

आणि वहिनींनी कधी कापायचं ठरवलंच, तर पार्लरवालीला नुसती कात्री चालवू देऊ नका. केस धुऊन पूर्ण वाळवा, घट्ट वेणी घाला, वर आणि खाली रबर लावा, वरच्या रबराच्याही वरून कापा. मुळाकडच्या टोकाला लाल दोरा बांधून वेणी कागदात गुंडाळा. अशा वेणीला चांगला भाव येतो, दान करायची असेल तरी घेणारे अशीच मागतात. खाली पडलेले केस झाडून गोळा करून आणलेत, तर मी काय, कुणीही गुंतवळाचाच भाव देणार.