वाचक विचारतात: समुद्रात पिंजरा टाकावा की नाही?

प्रश्न: आमची देवगड तालुक्यातली मच्छीमार सोसायटी. मासळी कमी झाली, डिझेल परवडत नाही. आमची काही पोरं कारवारला जाऊन समुद्रातले गोल पिंजरे बघून आली, तिथे जिताडा आणि मोदुसा (कोबिया) हे मासे वाढवतात. आमच्याकडे डोंगराच्या आडोशाला एक जागा आहे, पाणी चार वाव. नोव्हेंबर ते जानेवारी आम्ही पाणी बघत होतो, शांत आणि स्वच्छ. सबसिडी पण आहे म्हणतात. पिंजरे टाकावेत का, आणि जागा चांगली की वाईट हे आमचं आम्ही कसं ठरवायचं?
– एक वाचक, ता. देवगड

उत्तर: तुम्ही जागा बघितलीत ती नेमकी वर्षातल्या सगळ्यात गुणी महिन्यांत. नोव्हेंबर ते जानेवारीत आपल्या किनाऱ्यावरची निम्मी ठिकाणं पिंजऱ्याला योग्यच वाटतील हो! जागेची परीक्षा तिच्या सगळ्यात वाईट दिवशी घ्यायची, मासा मरतो तो त्याच दिवशी.

आधी तुमचे ते चार वाव. म्हणजे साधारण सव्वासात मीटर, पण ते भरतीला की ओहोटीला, उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) की भांगाला (अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी), हे पत्रात नाहीये. आपल्याकडे वापरतात तो पिंजरा ६ मीटर व्यासाचा आणि जाळं ४ मीटर खोल, म्हणजे सव्वाशे घनमीटरच्या आतलाच. भरतीला सव्वासात मीटर असेल तर उधाणाच्या ओहोटीला दोन-अडीच मीटर पाणी उतरून खाली पाच मीटरही उरणार नाही आणि जाळ्याचा तळ चिखलापासून हातभर वर लोंबकळत राहील. उरलेलं खाद्य आणि विष्ठा खाली साचते, ती कुजते, कुजताना ऑक्सिजन खाते आणि ते खराब पाणी परत माशाकडेच येतं. जाळ्याखाली निदान तीन-चार मीटर मोकळं पाणी हवं, म्हणजे सगळ्यात मोठ्या ओहोटीलाही आठ मीटरच्या आसपास. हे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीच्या वेळेला स्वतः होडी नेऊन दोरीला शिशाचं वजन बांधून सोडून मोजा. शिशाच्या बुडाला थोडा साबण नाहीतर ग्रीस चोपडा, तळाची माती त्याला चिकटून वर येते. वाळू किंवा वाळूमिश्रित चिखल आला तर ठीक, काळा आणि अंड्यासारखा वास मारणारा आला तर ती जागा सोडून द्या, पुढचं काही मोजत बसू नका.

मग प्रवाह. याला मशीन लागत नाही. निम्मी पाण्याने भरलेली बाटली दहा मीटर दोरीला बांधून सोडायची आणि दोरी ताठ व्हायला किती सेकंद लागतात ते बघायचं. वीस सेकंद म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. हे दोनदा करायचं, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, कारण दोन्हींचे धोके उलटे आहेत. उधाणाला प्रवाह दुप्पट झाला की जाळ्यावरची ओढ चौपट होते, आणि जाळ्यावर कालवं आणि शेवाळ धरलं असेल तर त्याच्याहून जास्त, नांगर तिथेच सरकतात. भांगाला पाणी हलतच नाही, मग माशांनी वापरलेलं पाणी तिथेच राहतं.

आता ऑक्सिजन, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि बहुतेक जण हाच चुकीच्या वेळी मोजतात. तीस अंशाचं खारं पाणी ऑक्सिजन लिटरला जास्तीत जास्त सव्वासहा मिलिग्रॅमच्या आसपास धरू शकतं, माशाला पाच तरी हवा, चारच्या खाली गेला की तो खाणं सोडतो. म्हणजे आपल्या हातात मोकळीक जेमतेम एका मिलिग्रॅमची. म्हणून दुपारी बारा वाजताचं रीडिंग घेऊन फाईलला लावणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पहाटे उजाडायच्या आधी, भांगाच्या दिवशी, वरचं नाही तर जाळ्याच्या तळाच्या खोलीचं रीडिंग घ्या. डीओ मीटर (पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) सोसायटीला परवडत नसेल तर मत्स्य महाविद्यालयाकडून किंवा मत्स्यव्यवसाय खात्याकडून मागून घ्या, पण पहाटे जा.

आणि हे मोजायला महिना निवडायचा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याला खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे चढतं, वर नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो आणि खाली ऑक्सिजन जवळजवळ संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हे वर्षानुवर्षं मोजलेलं आहे. नेमकं याच वेळेला समुद्र शांत व्हायला लागतो, नारळी पौर्णिमा होऊन गेलेली असते आणि सगळ्यांना पिंजरा टाकायची घाई असते. तुमच्या जागेवर हे पाणी वर येतं की नाही हे एक अख्खा सप्टेंबर-ऑक्टोबर बघितल्याशिवाय मी तरी सांगणार नाही, दुसऱ्या कोणी सांगितलं तर त्याला रीडिंग दाखवायला सांगा.

जून ते ऑगस्ट तर सोडूनच द्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती बाजूला ठेवली तरी त्या लाटांत छोट्या होडीने जाऊन खाद्य घालणं, जाळं बदलणं होणार नाही. आडोसा आहे म्हणता, पण आडोसा कुठल्या वाऱ्याला? उत्तरेच्या वाऱ्याचा आडोसा पावसाळ्यात नैऋत्येच्या लाटेला उपयोगाचा नाही. शिवाय वादळं पावसाळ्याची वाट बघत नाहीत, तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात किनाऱ्याला घासून गेलं आणि निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागजवळ आत शिरलं. म्हणून माझ्या मते आपल्या उघड्या किनाऱ्यावर पीक धरायचं ते ऑक्टोबर अखेर ते मेचा पहिला आठवडा, आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या, आधी मासा बाहेर आणि जाळं घरी.

पण मग हातात साडेसहा महिनेच राहतात आणि त्यात पाच-दहा ग्रॅमची बोटुकली एक किलोचा जिताडा होत नाही. म्हणजे ऑक्टोबरमध्ये टाकायचा मासा निदान शंभर ग्रॅमचा हवा, त्यासाठी पावसाळाभर जमिनीवरच्या तळ्यात किंवा खाडीत नर्सरी हवी. बीज बऱ्याचदा तामिळनाडूकडून ऑक्सिजनच्या पिशव्यांत येतं, ते जूनपर्यंत मिळवायचं म्हणजे ऑर्डर आणि पैसे त्याच्याही आधी. तुमच्या सोसायटीकडे तळं आहे का? पिंजऱ्याची चौकशी करण्याआधी मी हा प्रश्न सोडवीन. मोदुसा भराभर वाढतो, सहा-सात महिन्यांत अडीच-तीन किलो होऊ शकतो, पण आपल्या बाजारात त्याला जिताड्याचा भाव मिळत नाही आणि पाणी गोडं झालेलं त्याला चालत नाही.

पैशाचं बघू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्याकडचे घाला. एका पिंजऱ्यात २,००० मासे, ७५ टक्के जगले आणि किलोचे झाले तर १,५०० किलो. शंभर ग्रॅमचं बीज ६० रुपये धरलं तर १ लाख २० हजार. टाकलेले २०० किलो वजा केले तर वाढ १,३०० किलो; एक किलो वाढीला दोन किलो पेलेट फीड (गोळ्यांचं तयार खाद्य), १२० रुपये भावाने, म्हणजे ३ लाख १२ हजार. राखणदार आणि होडी महिन्याला २५ हजार, सात महिने, पावणेदोन लाख. जाळं-बर्फ-औषध ४० हजार. आणि पिंजरा-नांगर मिळून ५ लाखाचा, पाच वर्षं टिकेल म्हणून वर्षाला १ लाख. बेरीज साडेसात लाखांच्या घरात, किलोला जवळजवळ ५०० रुपये पडले. जाग्यावर व्यापारी तेवढे देणारे का? तेच सहा पिंजरे असतील तर राखणदार आणि होडीचा खर्च सहांत वाटला जातो आणि किलोला ४०० पडतात. म्हणून "एक टाकून बघू" हा आपला आवडता मार्ग इथे तोट्याचाच आहे. मासा जगतो का हे एकाने कळतं, धंदा चालतो का हे नाही.

सबसिडी म्हणाल तर २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शंभर-एकशेवीस घनमीटरच्या पिंजऱ्याला ५ लाख खर्च धरून सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, एससी, एसटी यांना ६० टक्के असं आहे, सध्या अर्ज घेतात का ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहाय्यक आयुक्तांच्या ऑफिसात विचारा. पण गंमत बघा, ४० टक्के मिळाले तरी वरच्या हिशोबात किलोमागे फक्त २७ रुपये वाचतात. उलट त्याच सहा पिंजऱ्यांत ७५ ऐवजी ५० टक्के मासा जगला तर (मेलेल्यांनी अर्ध्या वाटेपर्यंत खाल्लेलं खाद्यही धरून) किलोचा खर्च ४०० वरून सव्वापाचशेच्या वर जातो. लोक सबसिडीसाठी वर्षभर हेलपाटे घालतात आणि जाळं वेळेवर बदलत नाहीत! आपल्या उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत जाळ्याची आस (जाळ्याची भोकं) शेवाळ आणि कालवांनी बुजायला लागते, दुसरं धुतलेलं जाळं तयार नसेल तर ऑक्सिजनचं रीडिंग बाहेर कितीही छान असो, आत मासा गुदमरतो.

शेवटचं, ती जागा आज कोण वापरतं? रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे, गिलनेटवाले (पाण्यात उभं जाळं लावणारे), बंदरात येण्याजाण्याची वाट. परवानगीचा कागद मिळेल, पण ज्याच्या जाळ्याची जागा गेली तो रात्री दोरी कापायला कागद बघत नाही. आधी गावात बैठक घ्या.

प्रश्न: आम्ही दहा जणींचा बचत गट, खाडीत जिताड्याचे पिंजरे आहेत. पावसात पाणी एकदम गोडं होतं त्याने मासा मरतो का? आणि आम्ही खायला बारीक स्वस्त मासळी घालतो, सगळे म्हणतात फीड घाला पण ते परवडत नाही.
– बचत गटाच्या एक ताई, सिंधुदुर्ग

उत्तर: ताई, गोडं पाणी जिताड्याला मारत नाही, तो गोड्यातही राहतो आणि खाऱ्यातही. पहिल्या मोठ्या पावसाला जो लाल गढूळ लोंढा येतो तो घातक, गाळ कल्ल्यांत बसतो, ऑक्सिजन पडतो आणि ओंडके जाळं फाडतात. त्या दोन-तीन दिवसांत खाद्य बंद ठेवा, उपाशी माशाला ऑक्सिजन कमी लागतो. पिंजरा मुख्य धारेतून कडेला ओढता येईल अशी दोरी मेमध्येच बांधून ठेवा.

खाद्याचं तुमचं म्हणणं हिशोबात बरोबर आहे, उगीच कोणाचं ऐकून गिल्टी वाटून घेऊ नका. बारीक मासळी किलोला पाच-सहा किलो लागते, ३० रुपयांनी धरली तर दीडशे ते एकशेऐंशी रुपये. फीड दोन किलो, २४० रुपये. पण जून-जुलैत बंदीत ती मासळी मिळणार कुठून? आणि तिच्यात जी बोटभर पिल्लं येतात ती तुमच्याच घरच्या जाळ्यात पुढच्या वर्षी आली असती, हेही खरं. मी सांगेन की मासा लहान असतानाच त्याला पेलेटची सवय लावा, मोठा झाल्यावर तो तोंड लावत नाही. बंदीच्या महिन्यांत फीड आणि बाकी वेळेला ताजी मासळी, कालची उरलेली नाही.

एक विचारलं नाहीत पण सांगते. पिल्लं सुरुवातीला आठवड्याला एकदा साईजप्रमाणे वेगळी करा. जिताडा स्वतःच्या निम्म्या लांबीहून मोठं भावंड सुद्धा गिळतो, आणि मेलेला मासा तरंगताना दिसतो तसा हा दिसत नाही, त्यामुळे पिंजरा काढल्यावर चोरी झाली म्हणून भांडणं होतात.

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे. नॉर्वेच्या सॅल्मन पिंजऱ्यांचे व्हिडिओ बघितले. कोकणात २५ लाख गुंतवले तर किती रिटर्न मिळेल? कॅमेरे आणि सेन्सर लावून इथून मॅनेज करता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: नाही. नॉर्वेत पिंजरे फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांनी वेढलेल्या खोल खाडीच्या, आत असतात, दहा अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन नऊ मिलिग्रॅमपर्यंत मावतो आणि मागे अनेक दशकांचं बीज, फीड, लस यांचं काम आहे. इथे सेन्सर पहाटे चारला तुमच्या फोनवर अलार्म देईल, पण तेव्हा होडी काढून जाळं सैल करायला किनाऱ्यावर माणूस लागतो आणि त्याला त्या माशात वाटा असेल तरच तो उठतो. पैसे घालायचेच असतील तर एखाद्या सोसायटीला नर्सरीच्या तळ्यासाठी भागीत द्या, वर देवगडच्या पत्रात अडलंय ते तिथेच. रिटर्नचा आकडा मी देणार नाही, पहिलं वर्ष नुसतं पाणी मोजण्यात जाईल असं धरा आणि ते चालणार नसेल तर एफडी करा.