भावाच्या टाक्यांसाठी एफडी मोडू का?

कर्वेनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा धाकटा भाऊ मालवणला पर्यटकांना स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली, नेतो आणि या टाक्या प्रत्येकी दिवसाला ८० रुपये भाड्याने आणतो. धंदा बंद करणारे एकजण १२ लिटरच्या ८ स्टीलच्या टाक्या प्रत्येकी ९,५०० रुपयांना, म्हणजे ७६,००० ला देतायत. सीझनचे १२० दिवस धरले तर भाड्याचेच ७६,८०० वाचतात, म्हणून भाऊ म्हणतो, 'ताई, वर्षात पैसे वसूल.' टाक्यांवर शेवटच्या टेस्टची तारीख मार्च २०१९ ची आहे. ताईंची साडेतीन लाखांची एफडी आहे, घरखर्च महिना ४०,०००. एफडी मोडावी का?

ताई, भावाचा गुणाकार बरोबर आहे. फक्त आठही टाक्या उद्यापासून भरता येतील, असं त्याने गृहीत धरलंय. हायड्रो टेस्टची, म्हणजे टाकीत पाणी भरून दाब देऊन तिची मजबुती तपासण्याची, मुदत फार तर पाच वर्षांची, म्हणजे यांची ती कधीच उलटली. मुदत संपलेली टाकी भरायला गॅस सिलिंडर नियम, २०१६ परवानगी देत नाहीत. त्यात टाक्या परदेशी बनावटीच्या असतील तर त्यांना पेसोची, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेची मान्यता आहे का, याचा कागद आधी मागा. तो नसेल तर टाकी कितीही चकचकीत असो, व्यवहार तिथेच थांबवा.

कागद असेल तर भावाला एक दिवस काढून टाक्या नीट पाहू द्या. टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे वाचायचे: नंबर, दाब, टेस्टच्या तारखा, रिकामं वजन. मग हवा सोडून टाकी काट्यावर ठेवायची. हवा सोडणं महत्त्वाचं, कारण २०० बार दाबाला भरलेल्या १२ लिटरच्या टाकीत जवळजवळ तीन किलो हवा असते. ठोकलेलं वजन व्हॉल्व्हसकट आहे की व्हॉल्व्हशिवाय, हे विचारून घ्या. वजन त्याहून बरंच कमी भरलं, तर तेवढं पोलाद गंजून गेलंय. बुडाचा प्लास्टिकचा बूट काढून बघायचाच, खारं पाणी तिथेच साचतं. ताजा रंग दिसला तर मी तरी बिचकेन, रंगाखाली खड्डे लपतात.

खरी गोष्ट आत असते. व्हॉल्व्ह जाणकारानेच काढायचा, तोही दाब पूर्ण उतरल्यावर. दिवा आत सोडून पाहिल्यावर नारिंगी धूळ दिसली तर घाबरू नका, ती घासून निघते. खड्डे निघत नाहीत. व्हॉल्व्ह उघडूनही फुस्स झालं नाही, म्हणजे टाकी पूर्ण रिकामी पडून होती, तर आत ओल गेली असण्याची शक्यता मोठी. आणि भावाला बजावून सांगा, टाकीतली जुनी हवा चाखूनही बघायची नाही. बंद टाकीत गंज चढताना हवेतला ऑक्सिजन खर्च होतो. व्हॉल्व्हचे आटे टाकीच्या आट्यांशी जुळतात का, हेही तपासून घ्या. चुकीचा व्हॉल्व्ह चार वेढे बसतो आणि दाब चढला की उडतो.

मी लेकीला घेऊन तारकर्लीला पाण्याखाली गेलो होतो. तिच्या पाठीवरच्या टाकीची तारीख मी पाहिली नव्हती. तुमचं पत्र वाचताना सारखं तेच आठवत होतं.

आता पैसे. टेस्ट, व्हॉल्व्हची सर्व्हिस, ने-आण मिळून टाकीमागे २,००० धरू, म्हणजे १६,०००. आठातल्या दोन नापास झाल्या तर ९२,००० घालून हातात सहाच टाक्या, आणि भाडं वाचेल ५७,६००. वसुली दीड सीझनच्या पुढे गेली. चार नापास झाल्या तर एक टाकी २३,००० ला पडली.

म्हणून विक्रेत्याला एवढंच सांगा: टेस्टचा खर्च आमचा, पण पैसे फक्त पास झालेल्या टाक्यांचे. तेव्हा सहा टाक्यांचे ५७,००० आणि वरचे १६,००० मिळून ७३,००० होतात, ते सव्वा सीझनमध्ये सुटतात. मग हा सौदा चांगला आहे, भावाने जरूर करावा. टाकी जपली तर ती पुढे कित्येक वर्षं चालते. विक्रेता टेस्टला तयार नसेल तर एकही घेऊ नका, निम्म्या किमतीतही नाही.

एफडी मोडू नका. सहा महिन्यांच्या खर्चाचे २,४०,००० हलवायचेच नाहीत, वर उरतात १,१०,०००. तेवढ्यापुरता एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून लागतील तसे पैसे उचला. व्याज साधारणपणे एफडीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त पडतं, पण जेवढे वापराल तेवढ्यावरच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. भाडं वाचणार भावाचं, मग तुम्हाला काय आणि कधी परत मिळणार? टाक्या तुमच्या नावावर घेऊ नका, पाण्यात काही झालं तर जबाबदारी तुमच्यापर्यंत येऊ शकते. बिल त्याच्या नावावर, आणि तुमच्याकडे उसनवारीचा साधा कागद: ओव्हरड्राफ्टचं व्याज त्याने भरायचं, सीझनच्या दर महिन्याला ठरलेली रक्कम, पावसाळ्यात बोटी बंद असताना सुट्टी. भाऊ आहे म्हणून कागद नको, असं आई म्हणेल. तिला समोर बसवूनच लिहा.