काम नसण्याचा शीण

प्रश्न : सप्रेम नमस्कार. एका मोठ्या वित्तीय संस्थेच्या अहवाल विभागात मी गेली चार वर्षे नोकरी करते. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींपेक्षा मला पगार बराच जास्त आहे, वरिष्ठ सज्जन आहेत, रजा मागितली की मिळते आणि कार्यालय वेळेवर सुटते. अडचण एवढीच की मला पुरेसे काम नाही. महिनाअखेरीची धावपळ सोडली, तर सकाळी हाती आलेले काम अकराच्या सुमारास संपते. पूर्वी याच अहवालांना पूर्ण दिवस लागत असे. परंतु मीच एक्सेलमध्ये सूत्रे आणि मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप पार पाडणाऱ्या सूचना, बसवून ते जवळजवळ आपोआप तयार होतील अशी सोय केली आणि ही गोष्ट कोणाच्या फारशी लक्षातही आली नाही. आता तयार झालेला अहवाल मी दुपारी चारपर्यंत पाठवत नाही, कारण तो लवकर पाठवला तर मी रिकामी असल्याचे उघड होईल. पाठीमागे कोणाची चाहूल लागली की आकड्यांचा तक्ता पडद्यावर पुढे आणते. संध्याकाळी मात्र इतकी थकलेली असते की हौसेने विकत घेतलेले परभाषेचे पाठ्यपुस्तक उघडणेही होत नाही. कोणाजवळ बोलले तर ‘तुला सुख टोचते आहे’ असे ऐकावे लागते. माझ्यातच काही खोट आहे का? की नोकरी सोडावी?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातला सर्वांत बोलका तपशील चार वाजेपर्यंत अडवून ठेवलेल्या त्या अहवालाचा आहे. अकरा ते चार हे पाच तास तुम्ही मोकळ्या असता असे बाहेरून दिसत असले, तरी प्रत्यक्षात त्या वेळेत तुम्ही एक वेगळेच काम करत असता. कोण येते-जाते याकडे कान लावून बसायचे, पडद्यावर काय दिसावे याची काळजी वाहायची, कोणी सहज ‘काय चालले आहे?’ असे विचारले तर द्यायचे उत्तर तयार ठेवायचे. या कामाला आरंभ नाही, शेवट नाही आणि ते उत्तम केले म्हणून कोणी पाठ थोपटत नाही. तुमचा संध्याकाळचा थकवा खरा आहे आणि माझ्या मते तो मुख्यत्वे या पहाऱ्यातून येतो.

फिलिप रोथलिन आणि पीटर वेर्डर या स्वित्झर्लंडमधील दोन सल्लागारांनी २००७ मध्ये या अवस्थेला ‘बोअरआउट’ असे नाव दिले. अतिकामाने माणूस करपून जातो, तसा तो अल्पकामानेही खचतो, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग हा की, अशा माणसाला काम मागण्याऐवजी ते असल्याचा आव आणण्याची सवय लागते. अर्ध्या तासाचे काम दिवसभर ताणणे, कोणी आले की पडद्यावरची खिडकी बदलणे, गरज नसताना उशिरापर्यंत थांबणे, हे त्यातले नेहमीचे प्रकार. हे करणारी माणसे आळशी असतातच असे नाही. पुष्कळदा ती हुशार आणि चटपटीत असतात, आणि म्हणूनच त्यांचे काम लवकर संपते. तुमची गोष्ट तर त्याहून पुढची आहे. तुम्ही आपल्याच कौशल्याने आपले काम कमी केले आणि आता तेच कौशल्य लपवून बसला आहात.

‘सुख टोचते आहे’ म्हणणाऱ्यांचा हिशेब असा असतो की पगार चांगला असला म्हणजे समाधान आपोआप यावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांना, नोकरीत अतिशय चांगले केव्हा वाटले आणि अतिशय वाईट केव्हा वाटले, एवढेच विचारले होते. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की वाईट आठवणींत कंपनीची धोरणे, देखरेख, कामाची परिस्थिती यांसारख्या गोष्टी अधिक होत्या, तर चांगल्या आठवणींत काही तडीस नेल्याचा आनंद, मिळालेली दाद आणि प्रत्यक्ष काम यांचे प्रमाण मोठे होते. पगाराला त्यांनी पहिल्या गटात घातले. तो पुरेसा नसला तर माणूस कुरकुरतो, पण पुरेसा असल्याने कामात गोडी निर्माण होत नाही. या अभ्यासावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. यशाचे श्रेय स्वतःकडे आणि अपयशाचा दोष परिस्थितीकडे ढकलण्याचा मानवी स्वभावच त्यात उमटला असावा, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही तुम्हाला कृतघ्न ठरवणाऱ्यांना उत्तर म्हणून एवढे पुरेसे आहे.

आता तुमच्या न उघडलेल्या पुस्तकाविषयी, कारण त्यावरून तुम्ही स्वतःला बोल लावत आहात असे जाणवते. मारिएनथाल या ऑस्ट्रियातील गावातली कापडगिरणी बंद पडल्यावर जवळजवळ सारे गाव बेकार झाले, तेव्हा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांनी तेथील जीवनाचा बारकाईने अभ्यास केला, जो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांजवळ वेळच वेळ असताना गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या १९२९ ते १९३१ या काळात वाढण्याऐवजी जवळजवळ निम्म्यावर आली होती. पुरुषांची रस्त्यावरची चालसुद्धा मंदावली होती. त्या लोकांच्या डोक्यावर दारिद्र्याचे ओझे होते आणि तुमच्यावर ते नाही, हा फरक मोठा आहे. पण दिवसाला आकार नसला की उरलेला वेळही हाती लागत नाही, हे निरीक्षण तुम्हालाही लागू पडते. म्हणून ‘वेळ आहे तर काहीतरी शिक’ हा सल्ला ऐकायला सोपा आणि आचरायला फार अवघड आहे.

याच संदर्भात बर्नच्या पेटंट कार्यालयातील आइनस्टाइनचे उदाहरण तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवले असेलच. शांत नोकरीत राहून १९०५ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राचा चेहरामोहरा बदलला, मग तुम्हाला काय होते? असे विचारणारे हे विसरतात की ती नोकरी आठवड्याचे सहा दिवस आणि रोज आठ तासांची होती, पेटंटचे अर्ज काटेकोरपणे तपासण्याचे काम त्यांना आवडत होते आणि मिकेले बेसोसारखा, ज्याच्याशी भौतिकशास्त्रावर वाद घालता येईल असा मित्र त्याच कार्यालयात होता. नुसता रिकामा वेळ कोणाला काही देत नाही.

प्रकृतीची धास्ती तुम्ही लिहिलेली नाही. परंतु कंटाळ्याने आयुष्य घटते अशा बातम्या वारंवार येतात, म्हणून जाता जाता सांगतो. त्यांचा आधार म्हणजे ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या एका दीर्घ पाहणीवरचा २०१० चा निबंध. फार कंटाळा येतो असे सांगणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण त्यात अधिक दिसले खरे, पण त्यांची आधीची प्रकृती, नोकरीतील दर्जा आणि शारीरिक हालचाल हिशेबात घेतल्यावर तो संबंध बराच क्षीण झाला. झोप उडवून घेण्याचे कारण नाही. मात्र सुटीच्या दिवशीही कशातच मन रमत नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल, तर तो निव्वळ नोकरीचा कंटाळा समजू नये आणि डॉक्टरांना भेटण्यात दिरंगाई करू नये.

नोकरी सोडावी का, या प्रश्नावर माझे मत असे की आजच सोडू नये, कारण तुम्ही अजून काम मागूनच पाहिलेले नाही. त्याआधी आपल्याला नेमके काय कमी पडते आहे ते पाहा. कामाचे प्रमाण थोडे असणे, काम फार सोपे असणे आणि ते कोणाच्या उपयोगी पडते हे न कळणे, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तीनही आपण ‘कंटाळा’ या एकाच नावाने सांगतो. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अमेरिकी संशोधकांनी १९७० च्या दशकात कामाची गोडी ज्यांवर अवलंबून असते अशी पाच वैशिष्ट्ये मांडली : कौशल्यांचे वैविध्य, आरंभापासून अखेरपर्यंत एक सलग काम हाती असणे, त्या कामाचा इतरांवर होणारा परिणाम, निर्णयाचे स्वातंत्र्य आणि काम कसे झाले याची कळणारी पोच. तुमच्या पत्रावरून स्वातंत्र्य तुमच्याजवळ भरपूर दिसते. पोच मात्र अजिबात नाही. चार वर्षे तुम्ही पाठवलेला अहवाल पुढे कोण उघडते, त्यातला कोणता रकाना वाचते आणि कोणता डोळ्यांआड करते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर सुरुवात तेथूनच करा. एखादा अहवाल निवडा आणि तो ज्याच्याकडे जातो त्या माणसाला प्रत्यक्ष भेटून, यातले तुम्ही काय वापरता, असे विचारा. दोनपैकी एक गोष्ट घडेल. एक तर अहवाल कोणी वाचतच नाही असे कळेल, जे कटू असले तरी कळलेले बरे. किंवा त्या माणसाला खरोखर हवी असलेली आणि कोणी देत नसलेली माहिती कोणती ते समजेल आणि नवे काम आपोआप तुमच्यासमोर येईल.

त्यानंतर वरिष्ठांशी बोला. ‘मला काम नाही’ हे वाक्य घेऊन जाऊ नका, कारण ते ऐकणाऱ्याला एक तर तुमची जागा अनावश्यक वाटेल किंवा आपल्यावर ठपका येतो आहे असे वाटेल. त्याऐवजी, पूर्वी दिवसभर चालणारे काम आता दोन-तीन तासांत कसे होते ते दाखवा, त्यातून वाचलेल्या वेळेत कोणते काम हाती घेण्याची तुमची इच्छा आहे ते नेमके सांगा आणि ते काम कोणत्या विभागाला हवे आहे हे अहवाल वाचणाऱ्याच्या भेटीतून कळलेले असेल तर त्याचाही उल्लेख करा. मॅक्रो उघड केले तर जागाच जाईल, ही भीती अगदी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी तसे होते. पण जी गोष्ट चार वर्षांत कोणाच्या लक्षात आली नाही ती पाचव्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या लक्षात आली, तर ती तुमच्या श्रेयाची राहणार नाही, आणि तेव्हा लपवाछपवीचा खुलासाही द्यावा लागेल. आपणहून दाखवण्यात धोका कमी आहे असे मला वाटते.

या बोलण्यानंतर सहा महिने थांबा, पण ते मोजून थांबा. तेवढ्या अवधीत काम बदलले नाही किंवा नुसती आश्वासने मिळाली, तर हाती पगार असतानाच दुसरी नोकरी शोधायला लागा. चांगल्या पगाराचा खरा उपयोग हाच की घाईने मिळेल ते पत्करावे लागत नाही. मुलाखतीत पगाराइतक्याच चिकाटीने, या जागेवरच्या माणसाचा मागचा आठवडा कशात गेला, असे विचारा. उत्तर देणारा अडखळला तर तेथेही माशा मारत बसावे लागण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : काम नसलेल्या वेळात कार्यालयात बसून मी एका परीक्षेचा अभ्यास करतो. काम कधी मागे पडलेले नाही, तरीही मनात अपराधीपणा असतो. हे गैर आहे का?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या नेमणुकीच्या अटींत काय लिहिले आहे ते आधी वाचा, खासगी कामाला स्पष्ट मनाई असेल तर प्रश्न तेथेच संपतो. तशी मनाई नसेल, तर ‘काम आले की पुस्तक मिटतो, एरवी वाचतो’ हे आपल्या वरिष्ठांना सांगता येईल का, याचा विचार करा. सांगता येत असेल तर सांगून टाका आणि उजळ माथ्याने वाचा. सांगता येत नसेल, तर अभ्यासापेक्षा तो लपवण्यातच तुमचे अधिक लक्ष जात असणार, आणि तसा अभ्यास परीक्षेतही फारसा उपयोगी पडणार नाही. कार्यालयाचा संगणक मात्र अभ्यासाला वापरू नये. त्यावरचे सारे संस्थेला पाहता येते असे धरूनच चालावे.

प्रश्न : माझ्या हाताखालचा एक तरुण सहकारी दिलेले काम निम्म्या वेळात संपवतो आणि मग बसून राहतो. त्याने स्वतःहून काही मागितलेले नाही. मी काय करावे?
— एक विभागप्रमुख

उत्तर : त्याने मागितलेले नाही याचा अर्थ त्याला नको आहे असा काढू नका. लवकर काम संपवणाऱ्याला बक्षीस म्हणून दुसऱ्याचे तुंबलेले काम मिळते, हे तो एकदोनदा पाहून शहाणा झाला असण्याची शक्यता आहे. तेव्हा त्याच कामाचा आणखी एक गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवण्याचा मोह टाळा. ज्यात त्याला काही निर्णय घ्यावे लागतील, ज्याचा परिणाम त्याला दिसेल आणि जे कदाचित पहिल्या खेपेस चुकेलही, असे एखादे काम त्याच्यावर सोपवा, आणि ते चुकले तर निस्तरण्याची जबाबदारी तुमची राहील हे आधीच सांगा. देण्यासारखे असे काम तुमच्याजवळ नसेल, तर त्याला दुसऱ्या विभागात पाठवण्याची शिफारस करा. चांगला माणूस हातचा जातो म्हणून विभागप्रमुख ही शिफारस सहसा करत नाहीत, आणि मग तो वर्ष-दीड वर्षात राजीनामा देऊन जातो, तेव्हा त्याला काय कमी होते असे आश्चर्य करतात.